थोरल्याचा हिरवा दिवा

मध्यंतरी एका सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालून सौ. खाली आली आणि म्हणाली, "सुरू झाला वाटतं कारखाना." तिने काही पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं. वारा फिरला होता आणि वाऱ्याबरोबर मळीचा तो आंबूस, गोडसर वास आला होता. कोल्हापुरात हंगाम असाच येतो. आधी नाकात येतो, मग रस्त्यावर. एका ट्रॅक्टरच्या मागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीबाहेर लोंबणारे उसाचे वाढे डांबरावर सर्र सर्र घासत जातात, ड्रायव्हरच्या डोक्यावर गाणं फुल्ल आवाजात, आणि सिग्नलला ट्रॉली थांबली की मागचा मोटारसायकलवाला हळूच एक कांडं ओढून घेतो. दुपारपर्यंत माझ्या पांढऱ्या शर्टावर चिपाडाच्या राखेची बारीक काळी भुरी बसते. सौ. कुरकुरते. मी मात्र शर्ट झटकताना मनातून खूश असतो.

निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली. गुडघे बोलतात, ऐकायलाही कमी येतं. पण हंगामाचा वास आला की अंगात काहीतरी सळसळतं. आत्ता बॉयलर पेटला असेल, गव्हाणीत पहिली मोळी पडली असेल, पट्ट्यावरून ऊस वर चढत असेल, चरकाच्या तोंडाशी तो कडकड आवाज होत असेल. सगळं इथे खुर्चीत बसून मला दिसतं. आणि त्याच वेळी पोटात एक खड्डाही पडतो, तो त्या एका हंगामाचा.

यंदा त्या खड्ड्यात हात घालायची वेळ दिनकरने आणली. दिनकर खोत माझ्या वेळी काट्यावर होता, म्हणजे उसाच्या गाड्यांचं वजन होतं तिथे. आता ऑफिसात आहे आणि कारखान्याच्या वार्षिक अंकाचं काम त्याच्या गळ्यात आहे.

"साहेब, यंदा तुमचा लेख पायजेच," तो फोनवर म्हणाला. "त्यो चोर पकडला ते लिवा. नव्या पोरास्नी म्हाईत न्हाय. झकास रंगवून लिवा की."

"रंगवून?"

"तर. ते काय कमी रंगलेलं हाय काय?"

मी हो म्हणालो. तर सभासद मंडळी, हा तो लेख. रंगवण्यासारखं त्यात पुष्कळ आहे, आणि ते मी लिहिणारच आहे, कारण त्या हंगामाइतका थरार मी आयुष्यात दुसऱ्यांदा अनुभवला नाही. फक्त त्यात चोर नव्हता.

*

संगणकाची खोली तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बाहेरूनच पाहिली असेल. प्रशासकीय इमारतीच्या मागच्या अंगाला, काचेचं दार, चपला बाहेर. आत कायम थंडी. बाहेर घामाने निथळलेली, रसाने चिकट झालेली माणसं, आणि आत मी स्वेटर घालून बसलेला. काट्यावर वजन झालं की आकडा वायरीने या खोलीत यायचा, सर्व्हरमध्ये नोंदला जायचा आणि तिथून शेतकऱ्याच्या मोबाईलवर मेसेज सुटायचा. सर्व्हर म्हणजे वेगळं काही नाही, सगळ्या संगणकांच्या नोंदी सांभाळणारा मोठा संगणक. आमचा जुना सर्व्हर कितीतरी हंगाम चालला. त्याला आम्ही थोरला म्हणायचो. त्याचा पंखा घरघरायचा, उन्हाळ्यात तो तापायचा, पण त्याने कधी कुणाच्या उसाचं वजन हरवलं नाही.

त्या वर्षी नवा सर्व्हर आला आणि तो बसवायला प्रज्ञा आली. प्रज्ञा कांबळे, कुरुंदवाडकडची, कंत्राटावर घेतलेली इंजिनिअर. काम चांगलं झालं तर कायम करायचं ठरलं होतं. बारीक, ताठ, भरभर चालणारी. पहिल्या दिवशी तिने माझ्या खोलीतल्या वायरींचा गुंता पाहिला आणि म्हणाली, "सर, ह्या वायरी कुणी लावल्या?" मी म्हटलं, "मीच, थोड्या थोड्या." ती म्हणाली, "वाटलंच. प्रेमानं लावल्यात." मला राग यायला हवा होता, पण हसू आलं. पंधरवड्यात तिने तो गुंता सोडवला. खोलीतल्या कुठल्याही यंत्राला बाहेर इंटरनेटवर जायचं तर नव्या सर्व्हरमधूनच जावं लागेल, अशी तिची रचना. मळ्यातल्या सगळ्या पाटांचं पाणी शेवटी एकाच ओघळीने ओढ्याला लागतं, तसं. रचना चांगली होती. मात्र ओढ्याकाठी उभं राहून पाहिलं तर पाणी कुठल्या पाटाचं ते कळणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

मग खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात. शेतकरी विळे-कोयते मांडतो, फिटर पाने मांडतो, ट्रॅक्टरच्या बोनेटवर झेंडूचा हार चढतो. संगणकाच्या खोलीतही पूजा होतेच. नव्या सर्व्हरला मी कुंकू लावलं, पण मन लागेना. थोरला गोदामात धूळ खात पडलेला. मी त्याला उचलून आणला, पुसला, मांडणीच्या खालच्या खणात ठेवला, आणि विजेची वायर लावून चालू केला.

प्रज्ञा म्हणाली, "सर, नुसता ठेवला तरी पूजा होईल की. चालू कशाला?"

मी म्हटलं, "बेंदराला बैल उभा करून ओवाळतात. बसलेल्या बैलाला कुणी ओवाळतं का?"

ती हसली, प्रसादाचा पेढा तोंडात टाकला आणि दसऱ्यासाठी गावी गेली. पुढचं मी एकट्याने केलं. थोरल्याचा पंखा घरघरू लागला. समोरचा दिवाही लागला. पण नेटवर्कची वायर जिथे बसते तिथे एक बारका हिरवा दिवा असतो, तो काही लागेना. वायर जोडल्याशिवाय तो लागत नाही. माझ्या आठवणीत तोच दिवा होता. कितीतरी वर्षं तो माझ्यासमोर लुकलुकत आला होता, देवघरातल्या निरांजनासारखा. मी एक आखूड वायर घेतली. भिंतीवरच्या ज्या पेटीत सगळ्या वायरी येऊन मिळतात, त्या पेटीच्या शेवटच्या भोकात एक टोक खुपसलं, दुसरं थोरल्याला लावलं. हिरवा दिवा लुकलुकला. मी हात जोडले. मग त्याच्यावर सौ.कडून आणलेला चोळीचा हिरवा खण पांघरला, वर झेंडूचा हार. आणि हंगाम संपेपर्यंत पूजा हलवायची नाही, हा आमच्या खोलीचा दंडक होता. तो मीच घातला होता.

*

गाळप सुरू झालं आणि चार दिवसांत तक्रारी आल्या. पाळी बदलल्याचा भोंगा झाला की थोड्या वेळाने इंटरनेट गुदमरायचं. मेसेज अडकायचे. कधी सुटायचे, कधी पुढच्या भोंग्यापर्यंत अडकूनच राहायचे. काट्यावर दिनकरपुढे शेतकरी उभे.

"दिनकरा, माझा ऊस गव्हाणीत पडला, त्याची साखर व्हत आली, तरी वजन मोबाईलात पडंना."

"पावणं, वजन भारी हाय तुमचं. चालत यायचं म्हंजे टाईम लागणारच की."

हसण्यावारी किती दिवस जाणार? उसाच्या मुलखात काट्यावरच्या आकड्याला काय किंमत आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. लवकरच कुजबुज सुरू झाली की काट्याचे आकडे चोरून बाहेर जात आहेत. कुणी म्हणे दुसऱ्या कारखान्याला, कुणी म्हणे व्यापाऱ्याला. आणि इंटरनेट देणाऱ्या कंपनीने तपासून सांगितलं की तुमच्या सर्व्हरमधून खरोखरच काहीतरी मोठ्या प्रमाणावर बाहेर वाहतं आहे.

तिथून आमचा शोध सुरू झाला. खरं सांगतो, मला तो शोध आठवला की आजही खुर्चीत नीट बसवत नाही. माझी नोकरी संपत आली होती. वर्षानुवर्षं मी बिघडलेले प्रिंटर आणि विसरलेले पासवर्ड यांच्यात म्हातारा झालो होतो, आणि आता अचानक माझ्या खोलीत एक अदृश्य पाणी वाहत होतं आणि त्याचं तोंड शोधायचं होतं.

भोंगा व्हायच्या आधी आम्ही दोघं पडद्यासमोर येऊन बसायचो. चहा, कागदावर भडंग. प्रज्ञाने पडद्यावर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक हालचालीची ओळ दिसेल अशी सोय केली होती. एरवी ओळी सावकाश यायच्या, एक, मग एक. मग बाहेर भोंगा व्हायचा. आवारात गाड्यांची घरघर, माणसांचे आवाज, पाळी सुटलेल्यांच्या सायकली. आम्ही श्वास धरून. गळ टाकून रंकाळ्यावर बसलेल्या माणसासारखे. आणि मग ती हळूच म्हणायची, "आलं, सर. आलं, आलं, आलं." पडदा भरून ओळी धो धो वाहू लागायच्या आणि माझ्या हातातलं भडंग तसंच राहायचं.

शेतकऱ्याच्या पोराला हे काम नवं नसतं. शेजाऱ्याच्या रानात आपलं पाणी शिरलं तर काय करतो आपण? पाटाच्या कडेने उलटं चालत जातो, उंदराने कुठे बीळ पाडलंय ते बघत. आम्ही तसेच चाललो. प्रज्ञाच्या यादीतली एकेक वायर, तीही ज्या त्या विभागाच्या टोकाकडून, काढून बघायची. गेटवरचा कॅमेरा तोडला, वाहतं आहेच. हिशेब विभाग तोडला, वाहतं आहेच. मग काटा. तो अर्धं मिनिटही बंद ठेवणं म्हणजे दंगल. दिनकर फोनवर.

"काढली बघा वायर. लवकर बघा, हितं माणसं मला चिपाडासारखं पिळतील."

"वाहतंय अजून," प्रज्ञा म्हणाली.

"मग माझा काटा सोवळा झाला म्हणा. लावू का परत?"

यादीतल्या सगळ्या वायरी निर्दोष निघाल्या की वाईट वाटायच्या ऐवजी आम्हाला अधिकच चेव यायचा. राहिलं तरी काय मग? प्रज्ञा फळ्यावर आकृत्या काढायची, पुसायची, परत काढायची. खडूची पूड तिच्या केसांवर. एके दिवशी तिने ते सगळं कुठल्या पत्त्यावर जातंय तेही शोधून काढलं. पुण्यातल्या एका कंपनीचा पत्ता होता. मला नाव ओळखीचं होतं, आमचा पहिला वजनाचा प्रोग्रॅम त्यांनीच केलेला. पण ती कंपनी केव्हाच बंद पडली होती.

"म्हणजे सर, कुणीतरी बंद घराला रोज पत्र टाकतंय," ती म्हणाली. "आतून कुणी घेत नाही, म्हणून हे परत टाकतंय. पोचलं का, पोचलं का, पोचलं का." आणि ती इतकी मोकळी हसली की मीही हसलो. तिला त्या न दिसणाऱ्या प्राण्याची थोडी माया वाटायला लागली होती, असं मला वाटतं. मलाही.

तो जुना प्रोग्रॅम थोरल्यावरून नव्या सर्व्हरवर तिनेच आणला होता. तिने तो उलटापालटा करून तपासला. त्यात पुण्याला जाणारं काही नव्हतं. तरी वाहत होतं. तिने आणखी एक गोष्ट टिपली होती, फळ्याच्या कोपऱ्यात. "भोंग्यानंतर सुरू होतं, पण रोज थोडं उशिरा, सर. मागं मागं सरकतंय. का ते कळत नाही." मी मान हलवली. मला तेव्हा फक्त पुढच्या भोंग्याची घाई होती.

*

संचालकांच्या बैठकीला आम्हा दोघांना बोलावलं. लांब टेबल, काचेच्या पेल्यांवर कागदी झाकणं. चेअरमन वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्या दारात रोज सभासद येऊन ओरडत होते.

"वाहतंय ते तुमच्या मशीनमधनं," ते प्रज्ञाला म्हणाले. "मशीन बसवलं तुम्ही. आणि तुम्हीच म्हणताय मशीनमध्ये काय न्हाय. मग जातंय कुठनं? आभाळातनं?"

"साहेब, आत्तापर्यंत मी बाहेरची बाजू तपासली," ती म्हणाली. "सर्व्हरच्या आतल्या बाजूनं काय काय येऊन मिळतं ते उद्या बघते. एक दिवस द्या."

"एका दिवसात पुसापुशी बी व्हती," टेबलाच्या टोकाकडून कुणीतरी बोललं.

ती बाहेरची होती, कंत्राटावर होती, बाई होती. आणि तिचं आडनाव ऐकल्यावर काही कपाळांवर जी बारीक आठी उमटते ती मी त्या खोलीत पाहिली. मी पाहिली, असं आज लिहितो. तेव्हा मी पेल्याच्या झाकणाकडे बघत होतो. चौकशी होईपर्यंत तिने घरीच बसावं असं ठरलं. चेअरमननी माझ्याकडे वळून विचारलं, "चौगुले, तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणालो, "चौकशी होऊ दे."

तेव्हा मला खरंच काही माहीत नव्हतं. या वाक्याला मी पुष्कळ वर्षं धरून राहिलो आहे, बुडणारा माणूस दोरीला धरतो तसा. पण दोरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच पुरते.

दुसऱ्या दिवशी दुपारचा भोंगा झाला तेव्हा मी खोलीत एकटा होतो. तिची खुर्ची, तिची पाण्याची बाटली, तिने चालू ठेवलेला पडदा. सवयीने मी वाट बघत बसलो. वाट बघता बघता फळ्याच्या कोपऱ्यातल्या खुणा दिसल्या. रोज थोडं उशिरा. आमच्या घरी भिंतीवर एक घड्याळ आहे, ते असंच मागे पडतं, सौ. दर रविवारी काटा पुढे सरकवते. नवा सर्व्हर मागे पडणं शक्यच नाही, त्याला बाहेरून कुणीतरी सतत खरी वेळ सांगत असतं. मागे पडतं ते म्हातारं यंत्र. ज्याला वेळ सांगणारं कुणी उरलेलं नाही असं यंत्र.

मी खुर्चीत वळलो. खालच्या खणात वाळलेला झेंडूचा हार. हिरवा खण.

त्या क्षणाचा आनंद मी तुमच्यापासून लपवणार नाही. मी मोठ्याने हसलो, एकटाच. गुडघ्यांवर बसलो आणि खण बाजूला केला. हिरवा दिवा नुसता थरथरत होता, सापडलेल्या काजव्यासारखा. थोरला काम करत होता. त्याच्या घड्याळात पाळी संपली की दिवसाची वजनं पुण्याला पाठवायची, हे त्याला कधीकाळी वजनाच्या प्रोग्रॅमबाहेर वेगळं शिकवलं होतं, कंपनी बंद पडल्यावर ते नुसतं थांबवलं होतं, आणि जाग आल्यावर त्याने ते इमानाने पुन्हा सुरू केलं होतं. त्याच्याजवळ नवं काही नव्हतं. गेल्या हंगामाच्या पावत्या होत्या, त्याच तो सगळ्या पाठवत होता. घेणारं कुणी नाही म्हणून परत, परत. आणि त्याची वाट नव्या सर्व्हरमधूनच होती, म्हणून बाहेरून नाव दिसत होतं नव्या सर्व्हरचं. आतल्या बाजूनं एक नजर टाकली असती तर प्रज्ञाला पाच मिनिटांत दिसलं असतं.

मी आखूड वायर ओढून काढली. दिवा विझला. पडद्यावर ओळी सावकाश झाल्या, एक, मग एक.

फोन उचलला तो तिला करायला. खरंच. आकडे फिरवणार तेवढ्यात दार ढकलून दिनकर आत आला, चपला न काढता.

"साहेब, सुटलं की सगळं मेसेज. धडाधड सुटलं." मग तिची रिकामी खुर्ची बघून त्याचा आवाज उतरला. "म्हंजे पोरगी घरी बसली आणि बंद झालं म्हणायचं. मला वाटलं नव्हतं ओ."

त्याच्या मागोमाग चेअरमनचा फोन. "चौगुले, शाबास. काढली ब्याद."

मी म्हणालो, "हो साहेब."

तोंडात दुसरं वाक्य तयार होतं. ते का बाहेर आलं नाही, यावर मी खूप विचार केला आहे. नोकरीची भीती नव्हती, मला कुणी काढलं नसतं. मला लोकांच्या हसण्याची भीती वाटली. चौगुल्यानं हिरवा दिवा लागावा म्हणून वायर खुपसली आणि अख्खा कारखाना ठप्प केला. काट्यावर, गव्हाणीजवळ, चहाच्या टपरीवर हे किती दिवस चघळलं गेलं असतं. आज कळतं की आपली माणसं आठ दिवस हसली असती, नवव्या दिवशी दुसरा विषय मिळाला असता. तेवढ्या आठ दिवसांच्या हसण्याला भिऊन मी एका मुलीच्या नावावर चोरी लिहू दिली.

आपल्या बाटलीसाठी ती एकदाच आली. कंत्राट संपल्याचं तिला कळलं होतं. दारातच उभी राहिली, चपला घालूनच. रागावेल असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "सर, कुठनं येत होतं ते सापडलं का?"

"बंद झालं, एवढं खरं," मी म्हणालो.

"बंद झालं ते कळलं. पण कुठनं येत होतं?"

मी कागद आवरायला लागलो. खालच्या खणात तेव्हा काही नव्हतं. थोरला मी आदल्याच दिवशी गोदामात नेऊन ठेवला होता. हंगाम संपायच्या आधी पूजा मोडली.

*

पट्टा पडला, हंगाम संपला, त्या दिवशी सत्कार झाला. शाल आणि नारळ. चोर पकडणारे चौगुले. ती शाल आमच्या घरात कुणी पांघरली नाही. सौ.ने ती शिवणयंत्रावर झाकण म्हणून घातली. तिला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. पण झाकलेलं यंत्र बघितलं की माझा हात आपोआप खालच्या बाजूला जायचा, वायर चाचपायला.

दिनकरचा फोन आला त्या संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. ती शेंगा फोडत होती. फोडतच राहिली. शेवटी म्हणाली, "अंकात लिहाल ते ठीक. पण त्या पोरीला ते छापलेलं वाचून कळणार काय? आधी तिला जाऊन सांगा."

म्हणून गेल्या रविवारी मी कुरुंदवाडला गेलो. शिरोळच्या पुढे रस्ताभर उसाच्या गाड्या, एसटी त्यांच्या मागे गोगलगायीसारखी. दोन्ही बाजूंना ऊस तुऱ्यावर आलेला, उन्हात पांढरा. भीती वाटायला हवी होती. वाटत होतीच. पण तिच्याखाली काहीतरी उसळतही होतं, भोंग्याआधी पडद्यासमोर बसल्यावर व्हायचं तसं. आज एकदा त्या पाण्याचं तोंड तिला दाखवायचं होतं.

प्रज्ञा आता एका दवाखान्याच्या संगणकांचं काम बघते. केसांत पांढरी बट आली आहे, चाल तीच. मला दारात पाहून ती उठली. "सर? या, बसा." आत तिच्या आईच्या भांड्यांचा आवाज. मी बसलो नाही. उभ्यानेच म्हणालो, "प्रज्ञा, ते थोरल्यातनं येत होतं."

काय होईल याची सगळी चित्रं मी गाडीत रंगवली होती. हे त्यांत नव्हतं. तिचे डोळे चमकले.

"थोरला? तो पूजेनंतरही चालूच होता? पण त्याला नेटवर्कची वायर कुठं होती?"

"मी लावली होती. खंडेनवमीला. तू गावी गेल्यावर."

"पेटीच्या शेवटच्या भोकात?"

"शेवटच्या."

"आखूड वायर. खणाखाली." ती हाताने हवेत आकृती काढत होती, खडू धरल्यासारखी. "आणि त्याची बाहेरची वाट नव्या सर्व्हरमधनं. म्हणून. आणि घड्याळ मागं पडत होतं म्हणून रोज उशीर. सर, घड्याळ." ती हसली, तशीच मोकळी. मीही हसलो असतो. तेवढ्यात तिचा हात हवेत थांबला.

"वायर कधी काढली?"

"तू घरी बसलीस, त्याच दुपारी."

ती खाली बसली. मग ती बोलली तेव्हा माझ्याकडे बघत नव्हती.

"मला चोर म्हणाले ते मी सोसलं. मी चोर न्हाय हे मला माहीत होतं. पण चूक माझी न्हाय हे मला कुठं माहीत होतं? इतकी वर्षं ती मांडणी डोक्यात उघडून बघते मी. दवाखान्यात एखादी लाइन अडकली की पहिलं हेच मनात येतं, तेव्हा काय राहिलं असेल माझ्याकडनं. आईनं एकदाच विचारलं होतं, 'बाई, तुझ्याकडनं चुकून तर झालं न्हाय?' मी तिला 'न्हाय' म्हणू शकले नाही, सर. 'माहीत न्हाय' म्हटलं."

मी म्हणालो की हे सगळं मी अंकात लिहिणार आहे, माझ्या नावाने, आणि तिची क्षमा मागणार आहे.

"क्षमा राहू दे," ती म्हणाली. "कसं झालं ते लिहा. कुठली वायर, कुठलं भोक, वाट कशी. वाचणाऱ्याला नीट कळलं पायजे." मग तिने आत हाक मारली, "आई, जरा इकडं ये. मागं एकदा मला विचारलं होतंस, कारखान्यातलं. ते यांना विचार."

तिची आई पदराला हात पुसत बाहेर आली. म्हातारी, माझ्याच वयाची. मी कोण ते तिला आधी कळलं नाही, मग कळलं. तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"पोरीकडनं न्हाय ना झालं ते, पावणं?"

"न्हाय," मी म्हणालो. "माझ्याकडनं झालं."

तिने मान डोलावली. कितीतरी वेळ डोलावत राहिली. "लई उशीर केलासा," एवढं म्हणून ती आत गेली. चहा टाकायला गेली की तोंड बघवेना म्हणून गेली, ते मला कळलं नाही आणि विचारायचा मला हक्कही नव्हता.

लांबून कुठल्यातरी कारखान्याचा भोंगा आला. आम्ही दोघांनीही सवयीने मान वर केली. मग प्रज्ञाने टेबलावरचा एक कोरा कागद पुढे ओढला, पेन्सिल माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "बसा आता. आतली बाजू काढून दाखवा."